गाव ‘पांढरी’वर, प्लॉट ‘काळी’वर : नरडाण्यात घर बांधताना पैसा नेमका कुठे चुकतो?

मराठीत गावासाठी एक जुना शब्द आहे, ‘पांढरी’. आणि शेतासाठी ‘काळी’. जुन्या माणसांच्या बोलण्यात ही काळी-पांढरीची जोडी अजून ऐकू येते. काळीत पेरायचं आणि पांढरीवर राहायचं, इतकी सरळ विभागणी होती.

आता ही विभागणी मोडली आहे. कशी, ते बघायचं तर नरडाणा हे चांगलं उदाहरण आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे आणि शिरपूरच्या मधे आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. एमआयडीसी आहे. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्गही याच पट्ट्यातून जाणार आहे.

रस्ता, रूळ आणि कारखाने आले की शेतजमिनी बिनशेती होतात आणि प्लॉट पडतात. म्हणजे ज्या जमिनीत परवापर्यंत कापूस होता, त्याच जमिनीत आज कॉलम उभा राहतो. घर पांढरीवरून थेट काळीवर आलं.

आणि घराची डिझाइन? ती मोबाइलवरून येते. पुण्यातल्या बंगल्याचा फोटो, कुठल्यातरी रीलमधलं एलिव्हेशन, मोठ्या काचा, चौकोनी डबा. दिसायला भारी. पण त्या फोटोत दोन गोष्टी दिसत नाहीत. खालची काळी माती आणि वरचं खान्देशचं ऊन.

इथल्या घरांचे बहुतेक महागडे घोळ या दोन गोष्टींमुळे होतात. म्हणून बजेटवर पहिला हक्क यांचा. एलिव्हेशनचा नंबर नंतर.

काळी माती घराला नेमकं काय करते?

उन्हाळ्यात काळ्या शेतात पडलेल्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. काही भेगांमध्ये अख्खा हात जातो. पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात आणि जमीन फुगते. कारण या मातीतले चिकणमातीचे कण पाणी धरून ठेवतात आणि फुगतात. पाणी गेलं की आकसतात.

शेतीसाठी हा गुण आहे, घरासाठी संकट. दरवर्षी जमीन घराला थोडं वर उचलते आणि थोडं खाली सोडते. सगळीकडे सारखं उचललं असतं तर बिघडलं नसतं. पण घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. एक कोपरा वर, दुसरा खाली. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दरवाजा अडकायला लागतो, फरशी वाजायला लागते. लोक पुट्टी भरून रंग देतात. पुढच्या मे महिन्यात भेग पुन्हा हजर.

म्हणून पहिली चूक इथे होते. प्लॉट घेतला, मुहूर्त काढला, आणि ‘शेजाऱ्याने पाच फूट खोदलं, आपणही पाच फूट खोदू’ असं ठरलं.

शेजाऱ्याचा हिशोब या भागात चालत नाही. धुळे-नंदुरबारचा पट्टा भूगर्भशास्त्रात ‘डाइक’साठी ओळखला जातो. डाइक म्हणजे खडकाच्या भेगांमध्ये लाव्हा शिरून तयार झालेल्या लांबच लांब उभ्या भिंती. त्यामुळे जमिनीखालचं चित्र थोड्या अंतरावरही बदलतं. एका प्लॉटवर तीन फुटांवर मुरूम लागतो, तर पलीकडच्या प्लॉटवर दहा फूट काळी मातीच.

उपाय साधा आहे. नकाशा काढण्याआधी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घ्या आणि काळी माती किती खोल आहे ते डोळ्यांनी बघा. मग त्या मातीचा नमुना मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये किंवा सिव्हिल विभाग असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात द्या.

तिथली एक चाचणी समजायला अगदी सोपी आहे. दहा-दहा ग्रॅम कोरडी बारीक माती दोन नळ्यांमध्ये टाकतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी दोन्हींची उंची बघतात. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली असेल, तर साधा पाया धोक्याचा समजा. इंजिनिअरला हा आकडा द्या, मगच पायाचं डिझाइन मागा.

पाया कसा घ्यायचा?

काळी माती थोडीच असेल, म्हणजे तीन-चार फूट, तर प्रश्न सोपा आहे. ती काढून टाकायची, पाया मुरमावर न्यायचा आणि जोत्यात मुरमाची भर थराथराने पाणी मारून, धुम्मस करून भरायची. पैसे वाचवायला खड्ड्यातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरणं ही दुसरी मोठी चूक. कॉलम मुरमावर पक्के उभे राहतात, पण आतली फरशी फुगते.

माती खोल असेल तर वेगळा विचार लागतो. काळ्या मातीतली ऋतूनुसारची हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते. त्याखाली ओलावा फारसा बदलत नाही. म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने, म्हणजे सीबीआरआयने, यासाठी ‘अंडर-रीम्ड पाइल’ विकसित केले. जमिनीत गोल भोक पाडायचं, तळाशी ते भोपळ्यासारखं रुंद करायचं, सळई टाकून काँक्रीट भरायचं. वरची माती फुगली तरी तळाचा फुगवटा खांबाला धरून ठेवतो. वरून सगळे खांब बीमने बांधतात आणि बीमच्या खाली मातीला फुगायला मोकळी जागा सोडतात.

हे प्रत्येक घराला लागतं असं नाही. लागतं की नाही, हे ठरवण्यासाठीच चाचणी.

पाया झाला, आता पाणी लांब ठेवा

काळ्या मातीत घर बिघडवतो तो ओलाव्याचा चढउतार. घराभोवती ओलावा जितका सारखा राहील तितकं घर शांत राहतं. इथे एक हिशोब बघा.

१००० चौरस फुटांची गच्ची आणि पावसाळ्यात ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गच्चीवर सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडतं. बहुतेक घरांत हे पाणी चार पाइपांतून थेट घराच्या चार कोपऱ्यांत सोडलेलं असतं. म्हणजे वर्षभर कोरड्या असलेल्या पायाशी चार महिन्यांत ४६ हजार लिटर.

हेच पाणी पाइपने घरापासून लांब नेऊन शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणात सोडता येतं. तापीपलीकडच्या शिरपूर तालुक्यात भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून, सिमेंटचे बंधारे बांधून पाणी जिरवण्याचं काम झालं. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर माहीत आहे. तत्त्व तेच: पाणी जिरवायचं, पण योग्य जागी. घराच्या पायात ते जिरवायचं नसतं.

याच हिशोबाने आणखी तीन गोष्टी:

घराभोवती तीन-चार फुटांची काँक्रीटची पट्टी करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पाणी भिंतीलगत मुरत नाही.

मोठं झाड भिंतीला चिकटून लावू नका. झाड उन्हाळ्यात मुळांनी ओलावा ओढतं आणि तिथली माती आकसते. झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल तितकं अंतर ठेवावं, असा ढोबळ नियम आहे. कडुनिंब हवाच, पण कुंपणाजवळ. घराजवळ वेल किंवा छोटी झाडं चालतील.

सेप्टिक टँकचं पाणी सोडायला केलेला शोषखड्डा काळ्या मातीत नीट चालत नाही. भिजलेली काळी माती पाणी पुढे जाऊच देत नाही, मग खड्डा तुंबतो. तो मुरमापर्यंत न्यावा लागतो. आणि पिण्याच्या विहिरी-बोअरपासून तो निदान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब हवा. ही जागा नकाशातच दाखवून घ्या. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ती बसत नाही.

जोतं मात्र उंच घ्या. प्रत्येक काँक्रिटीकरणात रस्ता वर येतो आणि घर आपोआप खाली जातं. आजच्या रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट वर असलेलं जोतं दहा वर्षांनी बरोबर वाटतं.

आता ऊन : सूर्य नेमका कुठून येतो?

नरडाणा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. काठी उभी केली तर सावलीच पडत नाही.

याचा घरासाठीचा अर्थ असा. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन भिंत खात नाही, स्लॅब खातो. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो. म्हणून रात्री अकरा वाजता बाहेर थोडी झुळूक असते आणि आत पंखा गरम वारा फेकत असतो. ४२ ते ४५ अंशांच्या दिवसांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांचा खरा त्रास हाच असतो. दिवसाची होरपळ झाल्यावर शरीराला रात्री गारवा मिळत नाही.

गंमत म्हणजे स्लॅबवरचा उपाय घरातल्या सगळ्यात स्वस्त उपायांपैकी आहे. पांढरा रंग. चुन्याचा हात असो किंवा ऊन परतवणारा कूल रूफ पेंट, पांढरा पृष्ठभाग ऊन आत न घेता परत पाठवतो. २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर अहमदाबादने गरीब वस्त्यांमध्ये अशी पांढरी छतं करायला घेतली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरण आणलं. जास्त टिकाऊ हवं तर विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक. गळतीही थांबते आणि उष्णताही.

चूक काय होते? गच्चीवर लाल किंवा राखाडी फरशी बसते, पांढरा रंग ‘बरा दिसत नाही’ म्हणून राहतो. गच्ची रस्त्यावरून कुणाला दिसतही नाही.

घरकुलासाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात मूळ मदत १ लाख २० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. एवढ्या पैशात एसीचा विषयच नाही. अनेकदा वर पत्रा येतो, आणि पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. त्यावर पांढरा रंग आणि खाली बांबूच्या चटईचं किंवा थर्माकोलचं छत केलं तरी फरक जाणवतो. मात्र थर्माकोल चुलीजवळ अजिबात नको.

पश्चिमेची भिंत आणि दक्षिणेची खिडकी

दुसरा नंबर पश्चिमेचा. दुपारी तीन ते सहा सूर्य खाली उतरतो आणि थेट पश्चिमेच्या भिंतीवर पडतो. इथे छज्जाचा उपयोग नाही, कारण ऊन तिरपं, जवळपास आडवं येतं. म्हणून पश्चिमेला मोठी काच हा खान्देशात सगळ्यात महाग पडणारा शौक आहे. त्या बाजूला जिना, बाथरूम, स्टोअर रूम असं काहीतरी ठेवा. ऊन ते झेलतील, झोपायची खोली वाचेल.

अनेकांना वास्तुशास्त्राप्रमाणे मुख्य बेडरूम नैऋत्येला हवी असते. ती उन्हाच्या दृष्टीने घरातली सगळ्यात तापणारी जागा. वास्तुशास्त्र नैऋत्येला जड बांधकाम ठेवा असंही सांगतं. मग तिथे जिना घेतला तर वास्तूही सांभाळली जाते आणि ऊनही. बेडरूम तिथेच हवी असेल तर पश्चिमेची भिंत नऊ इंची घ्या, खिडकी लहान ठेवा आणि बाहेर व्हरांडा किंवा वेलाचा मांडव करा. बाहेरची भिंत चार इंची करणं म्हणजे ऊन विकत घेणं.

भिंतीचा आणखी एक पर्याय आहे. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी ‘रॅट-ट्रॅप’ बांधणी. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळमध्ये ती लोकप्रिय केली. विटा सुमारे पाव भाग कमी लागतात आणि मधली हवा ऊन अडवते. पण गवंड्याला ती येत असेल तरच. शिकायला तुमचं घर नको.

दक्षिणेची गोष्ट वेगळी. तिथे छज्जा जादू करतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्चच्या २१ तारखेच्या आसपास भर दुपारी त्याची सावली साधारण पाच फूट खाली येते. म्हणजे चार फूट उंचीची खिडकी पूर्ण सावलीत. डिसेंबरमध्ये सूर्य खाली असतो, तेव्हा तोच छज्जा दोनच फूट सावली देतो आणि ऊन खोलीत येतं. धुळ्याचा पारा हिवाळ्यात १० अंशांखाली जाणं काही नवं नाही, तेव्हा हे ऊन हवंच असतं. एकच छज्जा उन्हाळ्यात गारवा देतो आणि हिवाळ्यात ऊब.

आणि हल्लीच्या डब्यासारख्या एलिव्हेशनमध्ये पहिला बळी छज्जाचाच जातो.

जुनी घरं काय करायची?

खान्देशातली जुनी धाब्याची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर लाकडावर मातीचं सपाट छत, पुढे ओटा, लहान खिडक्या. जाड भिंतीतून ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं ओट्यावर किंवा धाब्यावर झोपायला गेलेली असायची. घर आणि माणसांचं वेळापत्रक एकमेकांना धरून होतं.

म्हणून ‘परत मातीचंच घर बांधा’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्याची दुसरी बाजू किल्लारीने दाखवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली. त्यातली बरीचशी जड दगडी भिंती आणि मातीच्या जड छताखाली दबून. माती वाईट नव्हती. भिंत भिंतीला आणि छत भिंतीला बांधलेलं नव्हतं. तापी-नर्मदेचा पट्टाही भूकंपाच्या दृष्टीने अगदी निर्धास्त नाही. त्यामुळे जोत्याला, दरवाजा-खिडकीच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी हवी. लिंटेल फक्त खिडकीपुरती तोडून टाकू नका.

महामार्गालगत खाली शटरची दुकानं आणि वर घर बांधताना एक काळजी जास्त घ्यावी लागते. खाली फक्त कॉलम आणि वर भरभक्कम भिंती, अशी इमारत हादऱ्यात खालच्या मजल्यावर मोडते. तिचे कॉलम अंदाजाने नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणेच हवेत.

कूलरला जागा कोण देणार?

खान्देशची उन्हाळी हवा कोरडी असते. म्हणून कोकणात निरुपयोगी ठरणारा कूलर इथे मस्त चालतो. पण कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. आत आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल, तर खोली दमट होते आणि अंग चिकट.

म्हणजे कूलरच्या खिडकीसमोर दुसरी खिडकी, दार किंवा वरचा झरोका हवा. कूलरची खिडकी शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत. बाहेर स्टँडची जागा, प्लग आणि पाण्याचा नळ आधीच. घर झाल्यावर भिंत फोडून हे करणारी घरं गल्लोगल्ली दिसतात.

खिडक्यांबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. पल्ल्याची खिडकी पूर्ण उघडते.

नकाशात ‘हॉल-किचन-बेडरूम’ असतं, घरात कापूसही असतो

तयार नकाशे शहरी कुटुंबासाठी असतात. नरडाण्याच्या आसपासच्या घराचं काम वेगळं आहे.

भाव चढण्याची वाट बघत कापूस घरातच ठेवला जातो. मग तो बेडरूममध्ये जातो, अंगाला खाज सुटते आणि ठिणगीची भीती वेगळी. त्यापेक्षा बाहेरून दार असलेली, स्वयंपाकघरापासून लांब असलेली एक खोली आधीच नकाशात घ्या. त्या खोलीत उघडी वायर आणि प्लग नको, दिव्याचं बटण बाहेर.

खापरावरची पुरणपोळी गॅसच्या ओट्यावर होत नाही. तिला मागच्या अंगणात चूल लागते. भरताची वांगीही तिथेच भाजली जातात. पापड, कुरडया, बिबड्या वाळवायला गच्ची लागते आणि उन्हाळ्यात झोपायलाही तीच. म्हणून जिना म्हाताऱ्या माणसाला चढता येईल असा हवा. पायरी सहा-साडेसहा इंच उंच आणि दहा-अकरा इंच रुंद, सगळ्या पायऱ्या सारख्या. जागा वाचवायला आठ इंचांची पायरी केली की आजी गच्चीवर जाणं सोडते.

खाली एक झोपायची खोली आणि तिच्याजवळ संडास-बाथरूम, उंबरा न ठेवता. आज आई-वडिलांसाठी, उद्या स्वतःसाठी.

आणि स्वयंपाकघर ठरवताना जी रोज तिथे उभी राहणार आहे तिला विचारा. ओट्याची उंची, खिडकीची जागा, धूर जायची वाट. मे महिन्यात ४४ अंशांत गॅससमोर उभं राहायचं काम तिचं असतं, पण नकाशावर बोट ठेवून बोलतात ती घरातली पुरुष मंडळी.

आखाजीचा मुहूर्त आणि स्लॅबचं पाणी

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठा सण. अनेकांना घरभरणी त्याच मुहूर्तावर हवी असते. नाही जमलं तर निदान पावसाआधी स्लॅब तरी. माल विकून पैसा हातात येतो हिवाळ्यानंतर. म्हणजे काँक्रीटचं निम्मं काम मार्च ते मे. सगळ्यात जास्त ऊन आणि सगळ्यात कमी पाणी असताना.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं. पाणी उडून गेलं की ती अभिक्रिया थांबते. वरून टणक दिसतं, आतून कच्चं राहतं. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी द्या. आज बहुतेक दुकानांत मिळणाऱ्या पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवस. ‘सकाळ-संध्याकाळ पाइप मारला’ हे एप्रिलच्या उन्हात पुरत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी उभं ठेवा, कॉलमला ओलं पोतं गुंडाळा.

तापमान ४० अंशांवर गेलं की काँक्रीटसाठी ती ‘उष्ण हवा’ धरली जाते. त्या दिवसांत स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळनंतर टाका. खडी आधी पाणी मारून गार करा.

उलट चूकही तितकीच होते. माल पातळ हवा म्हणून मिक्सरमध्ये बादल्या ओतल्या जातात. घरांसाठी नेहमीच्या एम-२० प्रमाणाला सिमेंटच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. आत जास्त पाणी नको, घट्ट झाल्यावर बाहेरून भरपूर हवं. बरोबर उलटं होतं, तिथे स्लॅब गळतो.

टेकू काढायचीही घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याहून मोठ्या बीमचे २१ दिवस. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून त्याहून जास्त.

सगळ्यात शहाणपणाचा मार्ग कोणता? मुहूर्त घरभरणीचा नाही, पायाचा आधी धरा. पाया आणि जोतं दिवाळीनंतर, स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीत. प्लास्टर आणि फरशी मागे राहिली तरी चालेल. घरभरणी पुढच्या आखाजीला झाली म्हणून घर कमी शुभ होत नाही.

कंत्राट देण्याआधी कागदावर काय हवं?

‘मिस्त्री ओळखीचा आहे’ हा करार नाही. एका साध्या कागदावर पुढच्या गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्या:

दर कशाचा आहे, स्लॅबच्या क्षेत्राचा की आतल्या खोल्यांचा. छज्जा, जिना, टाकी त्यात धरलं की वेगळं.

सिमेंट, सळई, विटा कोणत्या आणि कोण आणणार.

पाणी मारायची जबाबदारी कुणाची, किती दिवस.

पैशाचे हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे. जोतं झालं की इतके, स्लॅब झाला की इतके. काम पुढे आणि पैसा मागे.

मधे बदल केला तर त्याचा दर आधी ठरवून. उभ्या भिंती पाडून खोली मोठी करणं, हे बजेट फुटण्याचं सगळ्यात मोठं कारण.

स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी इंजिनिअरने सळई तपासायची. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का ते बघायचं. स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. नाहीतर सळई गंजते आणि काही वर्षांत छताचे पापुद्रे पडतात. आणि भिंतीतल्या वायर-पाइपचे प्लास्टरआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तेच नकाशा होतात.

मग एलिव्हेशन करायचंच नाही का?

करायचं. घर आयुष्यात एकदा बांधलं जातं, कुणी शेताचा तुकडा विकून, कुणी वीस वर्षांचं कर्ज काढून. ते सुंदर दिसावं असं वाटणं चूक नाही. पण समोरची टाइल पाच वर्षांनी बदलता येते, रंग तीन वर्षांनी. पाया बदलता येत नाही, स्लॅब बदलता येत नाही, खिडकीची दिशा बदलता येत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम सोपा आहे. जे पुन्हा करता येत नाही त्याला आधी पैसा. माती तपासणी, पाया, स्लॅब, दिशा आणि छज्जा. जे नंतर करता येतं ते नंतर. फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, गेटवरचं नाव.

पूर्वजांनी काळी पिकासाठी ठेवली आणि पांढरीवर घर बांधलं. आता काळीवरच राहायचं असेल, तर त्या मातीला काय लागतं हे विचारून राहावं. दोन खड्डे आणि लॅबचा एक कागद, इतका त्याचा पहिला खर्च आहे.